इंजिनांच्या गावातील वास्तुवैभव

अमेरिकेच्या इंडियाना राज्यातील कोलंबस हे साधारण ५० हजार वस्तीचे छोटे शहर पुण्यातही कारखाने असलेल्या कमिन्स या डिझेल इंजिन कंपनीचे मूळ गाव असले, तरी वास्तुकलेच्या अभ्यासकांना ते तेथील आधुनिक इमारतींमुळे माहीत आहे.

या परंपरेचा आरंभ फिनलंडहून आलेले वास्तुविशारद एलिएल सारिनेन यांनी केला. १९४२ साली पूर्ण झालेल्या त्यांच्या फर्स्ट ख्रिश्चन चर्चमध्ये टोकदार कमानी वा कोरीवकाम नाही. आहे ती विटांची सरळ, चौकोनी वास्तू आणि शेजारी १६६ फुटांचा मनोरा. पुढे त्यांचे पुत्र ईरो यांनी १९५४ मध्ये अर्विन युनियन बँकेची इमारत बांधली. त्या काळी बँका दगडी खांबांच्या, दडपण आणणाऱ्या असत आणि रोखपाल गजांआड बसत. येथे मात्र एकमजली सपाट छतावर नऊ घुमट, भोवती काचेच्या भिंती आणि आत मोकळी काउंटरे अशी रचना करून सामान्य खातेदाराचा संकोच घालवण्यात आला.

या बँकेचे आणि कमिन्सचेही प्रमुख असलेले जे. अर्विन मिलर यांचे खरे मोठेपण मात्र पुढच्या योजनेत आहे. महायुद्धानंतर मुलांची संख्या वाढून शाळा अपुऱ्या पडू लागल्या, तेव्हा कमिन्स प्रतिष्ठानने दिलेल्या यादीतून शिक्षण मंडळाने वास्तुविशारद निवडल्यास त्याचे शुल्क प्रतिष्ठान भरेल, असा प्रस्ताव त्यांनी मांडला. बांधकामाचा खर्च लोकांचाच राहिला. देणगी मिळाली ती केवळ उत्तम आराखड्यासाठी. हॅरी वीज यांची १९५७ ची श्मिट शाळा हे त्याचे पहिले फळ होय. पुढे ही सवलत इतर सार्वजनिक इमारतींनाही लागू झाली. रॉबर्ट व्हेंचुरी यांनी चौथ्या क्रमांकाच्या अग्निशमन केंद्रात पाण्याचे पाइप वाळवण्याच्या अर्धगोल मनोऱ्यावरच ठळक ‘४’ रंगवून कामाच्या गरजेतूनच इमारतीला ओळख दिली. चर्चच्या शिखरांपेक्षा अशा नित्याच्या वापरातील इमारतींतच या शहराचे वेगळेपण अधिक आहे, असे म्हणावे लागते.

अर्थात जतनाचा प्रश्न येथेही आहे. ईरो सारिनेन यांच्या निधनानंतर १९६४ मध्ये पूर्ण झालेले, १९२ फुटी शिखराचे षट्कोनी नॉर्थ ख्रिश्चन चर्च राष्ट्रीय ऐतिहासिक वास्तू असूनही भाविकांची संख्या रोडावल्याने २०२२ मध्ये बंद झाले आणि ती इमारत तेथील सार्वजनिक ग्रंथालयाच्या ताब्यात आली.