माळव्यातल्या मंडळ्या

एका हातात पाच तारांचा तंबुरा, दुसऱ्या हातात करताल, आणि दोन्ही वाजवता वाजवता गाणारा मुख्य गायक मधोमध. शेजारी ढोलक. मागे मंजिरे, टिमकी, हार्मोनियम. अलीकडे काही ठिकाणी व्हायोलिनसुद्धा. ध्रुवपद उचलायला दोघं-तिघं. देवास, उज्जैन, शाजापूर, इंदूर आणि धार या माळव्याच्या पट्ट्यात कबीर गाणाऱ्या अशा मंडळ्या गावोगाव आहेत. त्यातलं कुणी दिवसा शेतात असतं, कुणी मजुरीवर, कुणी शाळेत शिकवत असतं. रात्री जेवणं उरकली की सगळे सतरंजीवर येतात.

शहरात ज्यांना इंडी बँड म्हणतात ते कोण? बड्या कंपनीचा आणि सिनेमाचा आधार न घेता, आपल्याला पटलेलं गाणं आपल्या पद्धतीने गाणारे चार-सहा जण. २०१० साली पुण्यात एनएच७ वीकेंडर पहिल्यांदा भरलं. एकाच मैदानात, वेगवेगळ्या मंचांवर, सलग काही दिवस असे बँड समोर उभं राहून ऐकायचे, ही सवय तेव्हापासून मराठी तरुणांना लागली. चांगली सवय आहे. ध्वनिमुद्रणातून ओळखीचं झालेलं गाणं समोर वाजतं तेव्हा त्यात घाम येतो, चूक होते, शेजारचा अनोळखी माणूस तीच ओळ आपल्याबरोबर ओरडतो, आणि गाणं वेगळंच होऊन जातं. पण स्वतंत्र संगीत म्हणून जे काही आपण शोधत असतो ते सगळं माळव्यातल्या या मंडळ्यांपाशी कित्येक पिढ्या आहे. ते ऐकायला मराठी रसिकाने देवासला जायला हवं, असं मला मनापासून वाटतं.

रात्रीची बैठक सुरू होते गुरुवंदनेने. मग गायक एखादी साखी, म्हणजे कबीराचा दोहा, म्हणतो, ठेक्याशिवाय, बोलल्यासारखी. ती संपता संपता ढोलक शिरतो आणि भजन उभं राहतं. दोन कडव्यांनंतर गायक थांबतो. वाद्यं खालच्या आवाजात चालू राहतात आणि तो अर्थ सांगू लागतो: देह म्हणजे काय, देवळात कोण बसलंय, जात कुठून आली. माळवीत, रोजच्या बोलण्यात. ऐकणाऱ्यांपैकी कुणी मध्येच शंका काढतं. उत्तर म्हणून कधी दुसरी साखी येते, कधी तेच कडवं पुन्हा, जरा जोर देऊन. एका मंडळीचं झालं की दुसरी पुढे सरकते. एकीने घेतलेल्या भजनाला दुसरी आपल्या भजनाने जाब देते. असं उजाडेपर्यंत चालतं. आपल्याकडच्या वारीतल्या दिंडीत विणेकरी, टाळकरी आणि पखवाजी यांची जी बांधणी असते ती ज्यांच्या कानात आहे त्यांना हे लगेच ओळखीचं वाटेल. फरक एवढाच की दिंडीत अभंगांचा क्रम बराचसा ठरलेला असतो. इथे पुढचं भजन आधीच्या वादातून निघतं.

गाणारे बहुतेक दलित, त्यात बलाई समाजाचे पुष्कळ. ज्यांना गावच्या देवळाच्या पायरीवर उभं राहू दिलं जात नव्हतं त्यांनी देव देवळात नाही असं रात्रभर, ढोलकाच्या ठेक्यावर, मोठ्याने म्हणायचं, याचं वजन वेगळंच आहे. एरवी सुंदर वाटणारी ओळ त्या आवाजात सडेतोड होते.

देवास शहराला अनेक दिवस चालणाऱ्या संगीताची सवय जुनी आहे. संस्थानी काळात इथे पवारांच्या दोन गाद्या होत्या, थोरली पाती आणि धाकटी पाती. एकाच गावात दोन राजे, दोन कारभार. धाकट्या पातीच्या दरबारात रजब अली खाँ गात. थोरल्या पातीचे तुकोजीराव पवार यांच्याकडे १९२१ साली इंग्रज कादंबरीकार ई. एम. फॉर्स्टर खासगी सचिव म्हणून राहिला. त्या वर्षीच्या गोकुळाष्टमीची त्याने घरी लिहिलेली पत्रं पुढे १९५३ साली ‘द हिल ऑफ देवी’ या पुस्तकात आली. जुन्या वाड्यात दिवसरात्र भजन चालू, गाणाऱ्यांचे गट पाळीपाळीने बसणारे, त्याच वेळी बाहेर वेगळीच वाद्यं वाजणारी, आणि स्वतः महाराज गळ्यात तंतुवाद्य अडकवून मूर्तीपुढे नाचणारे. फॉर्स्टर त्या गोंगाटाने हैराण झाला, पण त्यातला आनंद त्याने ओळखला. १९२४च्या ‘अ पॅसेज टू इंडिया’ या कादंबरीच्या शेवटच्या भागात जन्माष्टमीचे गायक तुकारामाचा धावा करतात, तो देवासचा कानावर पडलेला आवाज. एका मराठी दरबारातला आठवडाभराचा संगीतोत्सव इंग्रजी कादंबरीत जाऊन बसला आणि आपल्याकडे मात्र त्याची आठवण फारशी काढली जात नाही, याची मला खंत वाटते.

यानंतर देवासचं नाव संगीतात पुन्हा गाजलं ते कुमार गंधर्वांमुळे. ३० जानेवारी १९४८ रोजी, गांधीजींची हत्या झाली त्या दिवशी, क्षयाने खंगलेले कुमारजी देवासला आले. पुढची काही वर्षं गाणं बंद होतं. अंथरुणावर पडल्या पडल्या ते ऐकत राहिले: बाजाराला जाणाऱ्या बायकांची गाणी, भिक्षेला आलेल्या जोग्यांचे सूर. पुढे त्यांनी माळव्याच्या लोकधुना जमवल्या, त्यांतून धूनउगम राग उभे केले, १९६५ साली ‘अनूपरागविलास’ हे त्यांचं पुस्तक प्रसिद्ध झालं. देवासातच नाथपंथी शीलनाथ महाराजांची धुनी आहे. तिथल्या परंपरेतली निर्गुणी भजनं कुमारजींनी घेतली आणि देशभरच्या मैफलींत नेली. त्यांच्यामुळे मराठी मध्यमवर्गाच्या घरात निर्गुण आलं. इंदूरचे पत्रकार राहुल बारपुते, चित्रकार विष्णू चिंचाळकर, रंगकर्मी बाबा डिके ही मंडळी त्यांच्या नित्याच्या सहवासातली. माळव्यातल्या मराठी वस्तीचं सांस्कृतिक जगणं त्या काळात या माणसांभोवती फिरत होतं.

कुमारजींचं निर्गुण मी ज्या श्रद्धेने ऐकतो त्याच श्रद्धेने हे लिहितो: ते एका माणसाचं एकांताचं गाणं आहे. निकामी झालेल्या फुप्फुसामुळे श्वास तोकडा, म्हणून सूर नेमका फेकायचा आणि मधली जागा मोकळी सोडायची. मंडळीचं गाणं याच्या उलट, गर्दीचं. तिथे श्वास पाच-सहा जणांत वाटून घेतलेला असतो, म्हणून ओळ तुटत नाही. कुमारजी ऐकून माळव्यात आलेल्या माणसाला पहिली मंडळी ऐकताना थोडा धक्का बसतो. ठेका जलद, आवाज उघडा, अर्थ ठणकावून सांगितलेला. दोन्ही ऐकावीत. एका शहराने दोन्ही सांभाळली हे त्याचं मोठेपण आहे. कुमारजींच्या नावाचा शासकीय समारोह देवासला एप्रिलच्या सुमारास होतो. दूरवरून रसिक त्याला येतात आणि परत जातात. त्यांच्यातल्या फार थोड्यांना आसपासच्या गावांतल्या मंडळ्यांचा पत्ता असतो.

मंडळ्यांना एकत्र बसवण्याचं काम केलं ते एकलव्य या संस्थेने. शाळेतलं विज्ञानशिक्षण बदलायला निघालेल्या या कार्यकर्त्यांच्या लक्षात आलं की गावातली माणसं जातीबद्दल, कर्मकांडाबद्दल जे प्रश्न उघडपणे विचारायला कचरतात तेच प्रश्न रात्री गाण्यातून विचारत असतात. १९९१ साली देवासला ‘कबीर भजन एवं विचार मंच’ सुरू झाला. महिन्यातून एकदा, ठरल्या तारखेला, जिल्ह्यातल्या आणि शेजारच्या मंडळ्या एकलव्यच्या कार्यालयात यायच्या, रात्रभर गायच्या आणि गाताना वाद घालायच्या. गुरू लागतो का? कबीरपंथातला चौका-आरतीचा विधी कबीराला चालला असता का? घरी आपण अस्पृश्यता पाळतो का? साताठ वर्षं हा मंच चालला. अनुदानं संपली, कार्यकर्ते पांगले, पण तिथे एकमेकांना भेटलेल्या मंडळ्यांनी आपापल्या गावांत बैठका चालू ठेवल्या. कलेच्या इतिहासात या मंचाची नोंद मोठ्या अक्षरांत व्हायला हवी. अमेरिकन अभ्यासक लिंडा हेस यांनी २०१५च्या ‘बॉडीज ऑफ साँग’ या ग्रंथात ती केली. मराठीत अजून कुणीतरी करायची आहे.

या मंडळ्यांतून पुढे आलेलं सगळ्यात मोठं नाव प्रल्हादसिंह टिपानिया. उज्जैन जिल्ह्यातल्या लुनियाखेडीचे, सरकारी शाळेतले शिक्षक. कबीर त्यांना घरातून मिळाला नाही. तंबुऱ्याचा आवाज आवडला आणि त्याच्यामागे जाता जाता भजन गळ्यात आलं. नव्वदच्या दशकात त्यांच्या कॅसेट निघाल्या. बसमध्ये, चहाच्या टपरीवर, ट्रॅक्टरवर त्या वाजू लागल्या. मुंबईच्या कुठल्या मोठ्या कंपनीचा हात न लागता एक गायक अख्ख्या प्रदेशाला पाठ झाला. २०११ साली त्यांना पद्मश्री मिळाली. देवास जिल्ह्यातले कालूराम बामनिया यांना २०२४ साली, महूचे भेरूसिंह चौहान यांना २०२५ साली. गीता परागांसारख्या बायका आता मुख्य गायक म्हणून तंबुरा धरतात. टिपानियांनी मधल्या काळात कबीरपंथाचं महंतपण घेतलं आणि त्यावरून जुन्या साथीदारांत वादळ उठलं. कर्मकांडाविरुद्ध गाणाऱ्याने कर्मकांड चालवावं का, हा तो वाद. शबनम विरमानी यांनी कबीरावर केलेल्या चार माहितीपटांपैकी ‘कबीरा खडा बाजार में’ या माहितीपटात तो सगळा उघडपणे दिसतो. गायकाच्या आयुष्यातला विसंगतीचा प्रश्न त्याच्याच श्रोत्यांनी त्याच्या तोंडावर विचारावा, असं धाडस मी दुसऱ्या कुठल्या संगीतपरंपरेत पाहिलेलं नाही.

२०१० साली माळवा कबीर यात्रा निघाली. गावोगाव मुक्काम, रोज रात्री मैदानात गाणं, वेगवेगळ्या प्रांतांतले गायक आणि स्थानिक मंडळ्या एकाच मंचावर. शहरातून आलेली तरुण मुलं बसमधून यात्रेबरोबर फिरत. दोन वर्षांनी बिकानेरच्या बाजूला राजस्थान कबीर यात्रा सुरू झाली. तिची ख्याती आज जास्त आहे, पण हा नमुना आधी माळव्याने घालून दिला.

आणि इथून धागा थेट शहरी बँडपर्यंत जातो. मुंबईच्या कबीर कॅफेचा नीरज आर्य टिपानियांच्या गाण्याने भारावून कबीराकडे वळला. त्याच्या गाण्यातली चाल आणि ठेका पाहिला तर खाली माळवी ढोलक ऐकू येतो, वर मँडोलिन आणि व्हायोलिन चढलेलं. दिल्लीच्या इंडियन ओशन बँडनेही कबीर गायला. त्यांच्या २००३ सालच्या अल्बमचं ‘झीनी’ हे नाव कबीराच्या भजनातलंच. पण त्यांचं या भागाशी नातं आणखी खोल आहे आणि ते धारच्या वाटेने येतं. धार जिल्ह्याची दक्षिण कड नर्मदेची. बँडचा गायक आणि बास गिटारवादक राहुल राम नव्वदच्या दशकात नर्मदा बचाव आंदोलनात काम करत होता. खोऱ्यात गायल्या जाणाऱ्या नर्मदेच्या गाण्यावरून ‘मा रेवा’ झालं आणि २००० सालच्या ‘कंदिसा’ या अल्बममधून ते देशभरच्या महाविद्यालयांत पोचलं. २०१९ साली नर्मदेवरचं सरदार सरोवर पहिल्यांदा १३८.६८ मीटरच्या पूर्ण पातळीपर्यंत भरलं. धार जिल्ह्यातलं चिखलदा, निसरपूर त्यात गेलं. शहरातल्या मंचावर ‘मा रेवा’ सुरू झालं की हजारो मुलं टाळ्या धरतात. ज्या काठावर ते गाणं होतं तो काठ आता पाण्याखाली आहे, हे त्यांना कुणीतरी सांगायला हवं. त्याच जिल्ह्यात मांडूला अलीकडे हिवाळ्यात पर्यटन खात्याचा काही दिवसांचा उत्सव होतो. महालांच्या पार्श्वभूमीवर बँड वाजतात, देखावा सुरेख असतो. नर्मदाकाठच्या विस्थापित गावांतल्या गाणाऱ्यांना तिथे मानाची जागा मिळाली तर उत्सवाला त्या जिल्ह्याचा खरा आवाज लाभेल.

शहरी महोत्सवांतही आता मंडळ्यांना बोलावणं येतं. यात आनंदच आहे, मानधन मिळतं, नवे कान मिळतात. पण वेळ मिळतो चाळीस-पन्नास मिनिटं. एवढ्यात पाच भजनं जलद उरकावी लागतात. अर्थ सांगायला वेळ नाही म्हणून साख्या गळतात, शंका विचारायला वाव नाही म्हणून वाद गळतो, आणि उरतो तो फक्त ठेका. ठेका उत्तम असतो, लोक नाचतात. ज्याने रात्रीची बैठक ऐकलेली असते त्याला मात्र काय निसटलं ते ठाऊक असतं.

म्हणून पुण्या-मुंबईच्या आयोजकांकडे एक मागणं आहे. तीन दिवसांच्या महोत्सवातली एक अख्खी रात्र मंडळ्यांना द्या. देवासहून दोन, उज्जैनकडून एक, आणि त्यांच्यासमोर बसायला आपल्याकडची एखादी वारकरी भजनाची मंडळी. मंच बुटका ठेवा, दिवे डोळ्यांवर येऊ देऊ नका, श्रोत्यांना जमिनीवर बसवा आणि एक मायक्रोफोन त्यांच्यात फिरता ठेवा. खर्च एखाद्या परदेशी बँडच्या विमानभाड्याहून कमीच येईल. तोवर ज्यांना थांबवत नाही त्यांनी ज्येष्ठ पौर्णिमेच्या, म्हणजे कबीर जयंतीच्या सुमारास इंदूर गाठावं. तिथून देवास आग्रा रस्त्याने तासाभरावर आहे. आज रात्री कुठे बैठक आहे, हे गावात कबीर गाणाऱ्या कुणालाही विचारलं तर ते सांगतात.