रविवारची बाजू

14 एप्रिल 1986च्या रात्री ब्रिटनच्या संसदेत मार्गारेट थॅचर यांच्या सरकारचं एक विधेयक पडलं. बाजूने 282 मतं, विरोधात 296. खाणकामगारांचा वर्षभराचा संप मोडून काढणाऱ्या या बाईंच्या अकरा वर्षांच्या कारकिर्दीत सरकारी विधेयक दुसऱ्याच वाचनाला असं फेटाळलं गेल्याचा हा एकमेव प्रसंग. विधेयक होतं इंग्लंड आणि वेल्समधल्या दुकानांना रविवारी सर्रास उघडं राहू देण्याचं. ते पाडणाऱ्यांत मजूर पक्ष होताच, पण थॅचर यांच्या स्वतःच्या हुजूर पक्षाचे सत्तरएक खासदारही पक्षादेश झुगारून मजूर पक्षाच्या शेजारी उभे राहिले.

परंपरावादी माणसं म्हटली की आपल्या डोळ्यांसमोर एक ठोकळेबाज चित्र येतं. धर्म, देश, कुटुंब आणि खुला बाजार हे सगळं त्यांनी एकाच गाठोड्यात बांधलेलं असतं, असं आपण धरून चालतो. त्या रात्री ते गाठोडं सुटलं. बाजार मोकळा करा म्हणणारे एकीकडे आणि आठवड्यातला एक दिवस बाजाराच्या हाती देऊ नका म्हणणारे दुसरीकडे. थॅचर स्वतः ग्रँथम गावातल्या एका किराणा दुकानदाराची मुलगी. वडील मेथडिस्ट पंथाचे प्रवचनकार, आणि लहानपणीचा रविवार प्रार्थनामंदिराच्या फेऱ्यांत गेलेला, तरी त्या रात्री त्या बाजाराच्या बाजूला होत्या. रविवारच्या या वादातली खरी परंपरावादी बाजू दुसरी होती, असं मला वाटतं. ती हरत हरत आली असली तरी तिचं म्हणणं नीट ऐकून घ्यायला हवं.

हा वाद फार जुना. 1618 साली राजा पहिला जेम्स याने जाहीरनामा काढून रविवारच्या प्रार्थनेनंतर नाच, धनुर्विद्या, उड्या मारण्याचे खेळ यांना परवानगी दिली. रविवार कडक पाळणारी प्युरिटन मंडळी खवळली. 1633मध्ये त्याच्या मुलाने तोच जाहीरनामा पुन्हा काढला, आणि दहा वर्षांनी संसदेच्या हुकुमाने त्याच्या प्रती जाळण्यात आल्या. खेळ, धर्म आणि राजकारण यांची सांगड दूरचित्रवाणीने घातली असं समजणाऱ्यांनी एवढं तरी लक्षात ठेवावं. पुढे 1780च्या कायद्याने रविवारी तिकीट लावून करमणूक करायला बंदी घातली, आणि तो कायदा दोनशे वर्षं पुरला. जानेवारी 1974मध्ये कोळशाचा तुटवडा पडला, सरकारने कारखान्यांवर तीन दिवसांचा आठवडा लादला, तेव्हा कुठे इंग्लंडमध्ये रविवारी व्यावसायिक फुटबॉलचे सामने सुरू झाले. तिकीट विकणं बेकायदा, म्हणून आत जायला फुकट, पण त्यासाठी ठरलेल्या किमतीचं माहितीपत्रक विकत घ्यायचं! पुढे विम्बल्डनमध्ये पुरुषांचा अंतिम सामना रविवारी गेला तो 1982मध्ये, आणि स्पर्धेच्या मधल्या रविवारची ठरलेली विश्रांती तर 2021पर्यंत टिकून होती.

रविवार पाळणाऱ्यांपैकी खेळातला सगळ्यांना ठाऊक असलेला माणूस म्हणजे धावपटू एरिक लिडेल. 1924च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये शंभर मीटरची प्राथमिक फेरी रविवारी, 6 जुलैला होती, म्हणून तो धावला नाही. ‘चॅरिअट्स ऑफ फायर’ या 1981च्या चित्रपटात त्याला ही गोष्ट पॅरिसला निघालेल्या बोटीवर चढताना कळते. प्रत्यक्षात वेळापत्रक कित्येक महिने आधीच हाती आलेलं होतं. नाट्य कमी झालं तरी माणूस मोठा होतो, कारण क्षणाच्या आवेशात नकार देणं सोपं असतं. महिनोन्महिने समजावणी आणि टीका ऐकून नकारावर कायम राहणं, आणि दरम्यान चारशे मीटरची तयारी करणं, ही वेगळी जिद्द आहे. 11 जुलैला त्याने चारशे मीटर 47.6 सेकंदांत जिंकले.

मला त्याची पुढची गोष्ट जास्त महत्त्वाची वाटते. लिडेलचा जन्मच चीनमधला, मिशनरी आईवडिलांच्या पोटी. 1925मध्ये तो तिकडेच परत गेला. दुसऱ्या महायुद्धात जपान्यांनी त्याला वेईशियनच्या नजरकैदेच्या छावणीत ठेवलं. तिथे शेकडो मुलं, त्यातली अनेक आईवडिलांपासून तुटलेली. त्यांना शिकवणं, खेळवणं हे काम लिडेलने अंगावर घेतलं, पण रविवारी खेळ नाही हा त्याचा नेम तिथेही होता. मुलांनी एका रविवारी आपलीआपण हॉकी खेळायला घेतली. पंच नव्हता, सामन्याची मारामारी झाली. पुढच्या रविवारी लिडेल पंच म्हणून मैदानावर उभा राहिला. सुवर्णपदकाच्या आशेसाठी जो नेम त्याने मोडला नाही, तो भांडणाऱ्या पोरांसाठी मोडला. फेब्रुवारी 1945मध्ये मेंदूतल्या गाठीने तो छावणीतच गेला. नेम कशासाठी धरला हे ज्याला माहीत असतं, त्यालाच तो कुठे सोडायचा हेही कळतं. कर्मठपणा आणि निष्ठा यांतला फरक या एका हॉकीच्या सामन्याइतका स्वच्छ मला दुसरीकडे दिसलेला नाही.

अमेरिकेत हीच बाजू ब्रँच रिकी नावाच्या माणसाने चालवली. ओहायोचा, मेथडिस्ट, दारूला शिवणार नाही, रविवारी मैदानावर पाऊल ठेवणार नाही. 1904मध्ये सिनसिनाटीच्या बेसबॉल संघाने त्याला एवढ्यासाठी काढून टाकलं. पुढे तो संघांचा चालक झाला तेव्हाही रविवारी स्वतः सामन्याला जात नसे. रविवारच्या गल्ल्याचे पैसे मात्र संघाच्या तिजोरीत जात, आणि टीकाकार त्यावर बोट ठेवत. त्या टीकेत तथ्य आहे, रिकीच्या भक्तांनी ते नाकारू नये. पण याच सनातनी माणसाने 1945मध्ये जॅकी रॉबिन्सन या कृष्णवर्णीय खेळाडूला करारबद्ध केलं आणि 15 एप्रिल 1947ला आपल्या ब्रुकलिन डॉजर्स संघाकडून मैदानावर उतरवून बेसबॉलमधली वर्णभेदाची भिंत पाडली. संघ जिंकावा, प्रेक्षक वाढावेत हा हिशेब त्यात होताच. त्याचबरोबर देवासमोर माणसं सारखी असतात हा त्याचा विश्वासही होता, आणि दोन्ही गोष्टी त्याच्या एकाच डोक्यात सुखाने नांदत होत्या. जुन्या मताचा माणूस प्रत्येक बाबतीत मागेच ओढणार असं समजणाऱ्यांना रिकी अडचणीचा ठरतो.

पेनसिल्व्हेनियात रविवारच्या खेळाला बंदी घालणारा कायदा 1794चा. तो 1933मध्ये सैल झाला, मंदीच्या ऐन तडाख्यात, महसुलाची गरज असताना. या सगळ्या इतिहासात हे पुन्हा पुन्हा दिसतं. रविवारची बंधनं विवेकवाद्यांनी वादात हरवून उठलेली फार थोडी. बहुतेक ठिकाणी गल्ल्याने ती उठवली.

तरीही रविवारच्या बाजूने बोलताना एक अन्याय झाकता येत नाही. 1961मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने हे कायदे वैध ठरवले. त्यांचा उगम धार्मिक असला तरी आता उद्देश सर्वांना एक सामायिक विश्रांतीचा दिवस देण्याचा आहे, असं कारण दिलं. मला ते पटतं. पण त्याच दिवशी फिलाडेल्फियातले सनातनी ज्यू दुकानदार आपला खटला हरले. त्यांची दुकानं शनिवारी धर्मामुळे बंद, रविवारी कायद्यामुळे बंद. आठवड्याचे दोन दिवस बुडवून धंदा कसा करायचा? कोकणातल्या बेने इस्रायल समाजाला हा प्रश्न कधी असा पडला नाही. तेलाचे घाणे चालवणारी ही माणसं शनिवारी घाणा बंद ठेवत, गाव त्यांना ‘शनिवार तेली’ म्हणे, आणि कोणी त्यांना दुसरा दिवस बंद ठेवायला लावत नसे. बहुसंख्यांचा पवित्र दिवस कायद्यात घालताना शनिवार पाळणाऱ्याला सवलत ठेवायला हवी होती. फिलाडेल्फियात ती नाकारली गेली, हे चुकलंच.

आपल्याकडचा रविवार आला तो मात्र गिरणगावातून. गिरणीत सूर्योदयापासून सूर्यास्तापर्यंत काम असे आणि सुट्टीचा ठरलेला दिवस नसे. महात्मा फुल्यांचे सहकारी नारायण मेघाजी लोखंडे यांनी 1884मध्ये कामगारांच्या सभा घेऊन साडेपाच हजार जणांच्या वतीने जे निवेदन दिलं, त्यात पहिली मागणी रविवारच्या सुट्टीची होती. गिरणीमालकांनी ती मानायला जून 1890 उजाडला. रविवार हा खंडोबाचा वार, हेही कारण लोखंड्यांनी मांडलं असं सांगितलं जातं. ते खरंच वाटतं, कारण कामगाराला नुसते तास कमी करून नको होते. त्याला सगळ्यांना एकाच दिवशी मिळणारी सुट्टी हवी होती, जेजुरीला जाता येईल, भाऊबंद भेटतील, तालमीत उतरता येईल अशी. सत्यशोधक लोखंडे आणि लंडनच्या सभागृहातले हुजूर पक्षाचे बंडखोर यांचा एकमेकांशी काडीचा संबंध नाही, आणि तरी दोघांची मागणी एकच निघते.

स्कॉटलंडच्या लुईस बेटावर मात्र रविवार पाळण्याची दुसरी टोकाची बाजू बघायला मिळते. तिथे एके काळी रविवारी मुलांनी खेळू नये म्हणून बागेतले झोपाळे साखळीने बांधून ठेवत. झोपाळा बांधणारा माणूस रविवार वाचवत नसतो, तो मुलांना त्याचा तिटकारा यायला शिकवतो. बेटावरून मुख्य भूमीकडे रविवारची पहिली नियमित फेरीबोट जुलै 2009मध्ये सुटली, तेव्हा धक्क्यावर विरोधक आणि स्वागत करणारे दोघेही जमले होते.

इंग्लंड आणि वेल्समध्ये दुकानांचा कायदा अखेर 1994मध्ये बदलला. छोटी दुकानं मोकळी झाली, 280 चौरस मीटरपेक्षा मोठ्या दुकानांना रविवारी सहा तास मिळाले. दुकानातल्या कामगाराला रविवारी कामावर यायला नकार देण्याचा हक्कही कायद्यात लिहिला गेला. तो हक्क कागदावर भक्कम आहे. प्रत्यक्षात रविवारी नाही म्हणणाऱ्याला मुळात कामावर घेतलं जातं का, हा प्रश्न कामगार संघटना आजही विचारतात. मार्च 2016मध्ये डेव्हिड कॅमेरून यांच्या सरकारने उरलेली बंधनंही सैल करू पाहिली आणि 286 विरुद्ध 317 मतांनी सरकार हरलं. या वेळीही हुजूर पक्षाचे दोन डझनांहून जास्त बंडखोर, मजूर पक्ष आणि चर्च एका बाजूला होते. जोडीला स्कॉटलंडचे राष्ट्रवादी खासदार आले. त्यांच्याकडे दुकानं रविवारी आधीच उघडी असतात. पण इंग्लंडमध्ये रविवार इतर वारांसारखा झाला, तर देशभर दुकानं चालवणाऱ्या कंपन्या रविवारच्या कामाचा जादा पगार बंद करतील आणि त्याचा फटका आपल्या दुकान कामगारांना बसेल, ही त्यांची भीती होती.