अँटिग्वाचं वार्तापत्र : दोन खुर्च्यांची शाळा

अँटिग्वा म्हटलं की मराठी वाचकाच्या डोळ्यांपुढे व्हिव रिचर्ड्सचं बेट येतं. हे ते नव्हे. हे अँटिग्वा मध्य अमेरिकेतल्या ग्वाटेमालात, ज्वालामुखींच्या पायथ्याशी, सुमारे पंधराशे मीटर उंचीवर आहे. स्पेनच्या अमलात मध्य अमेरिकेचा कारभार इथूनच चाले. १७७३च्या भूकंपात शहर कोसळलं, तीन वर्षांनी राजधानी आजच्या ग्वाटेमाला सिटीला हलली आणि मागे पडकी चर्चं व दगडी रस्ते उरले. आज पर्यटक ते बघायला येतात. पण गावाचा आणखी एक चालता धंदा आहे, तो म्हणजे परदेशी माणसाला स्पॅनिश बोलतं करणं. एखाद्या जुन्या वाड्याच्या अंगणात किंवा व्हरांड्यात लहान लहान टेबलं मांडलेली असतात. प्रत्येक टेबलाला दोनच खुर्च्या. एकीवर शिक्षिका, दुसरीवर विद्यार्थी. रोज चार तास ही दोन माणसं एकमेकांशी बोलतात. दुपारनंतर विद्यार्थी ज्या कुटुंबात उतरलेला असतो तिथे जेवतो, झोपतो. इथे येऊन लोक थोड्याच आठवड्यांत बोलायला लागतात आणि त्याचं श्रेय बहुतेक जण ‘त्या देशात राहण्याला’ देऊन मोकळे होतात. मला ते पटत नाही. श्रेय देशाचं कमी आणि टेबलाचं जास्त आहे.

मराठी माणसाच्या उदाहरणावरून हे नीट समजतं. स्पॅनिश व्याकरणातल्या ज्या जागी इंग्रजीभाषक अडखळतात, त्यातल्या कित्येक आपल्याला घरच्या आहेत. ‘मला आवडतं’ला स्पॅनिशमध्ये ‘मे गुस्ता’ म्हणतात. आवडणारी वस्तू कर्ता आणि माणूस चतुर्थीत, अगदी आपल्यासारखं. ‘घर बघतो’ पण ‘मारियाला बघतो’, माणूस आला की प्रत्यय लागतो; स्पॅनिशमध्येही ‘बेओ ला कासा’, पण ‘बेओ आ मारिया’. ‘गेलो’ आणि ‘जायचो’ हा भूतकाळातला भेद त्यांच्याकडेही आहे, विशेषणाचं लिंग नामाप्रमाणे बदलतं, आणि ग्लास फुटला तर ‘मी पाडला’ असं अंगावर न घेता ‘माझ्या हातून पडला’ म्हणायची सोयसुद्धा आहे: ‘से मे कायो एल बासो’. (या शेवटच्या सोयीबद्दल दोन्ही भाषांचे आभार मानावेत तेवढे थोडे.) एवढी शिदोरी घेऊन निघालेल्या मराठी माणसाने भराभर बोलायला हवं. पण पुण्या-मुंबईत स्पॅनिशच्या दोन पातळ्या उत्तम गुणांनी पार केलेली माणसंही तोंड उघडायची वेळ आली की चाचरतात, आणि गंमत म्हणजे ‘यो गुस्तो’ म्हणून बसतात. ही चूक मराठीतून आलेली नाही. स्पॅनिश इंग्रजीच्या वाटेने शिकल्यामुळे आधी डोक्यात ‘आय लाइक’ येतं आणि त्याचा ‘आय’ स्पॅनिशमध्ये उतरतो. नियम विचारला तर ही मंडळी बिनचूक सांगतील. नियम माहीत असणं आणि समोरचा वाट बघत असताना दीड सेकंदात तो जिभेवर येणं यांत अंतर आहे, आणि ते अंतर आणखी नियम पाठ करून कमी होत नाही.

मग कशाने होतं? इथे साधा हिशेब मांडून बघावा. पंचवीस विद्यार्थ्यांचा, पन्नास मिनिटांचा तास. शिक्षकांनी अवाक्षर काढलं नाही आणि वेळ समान वाटला, तरी प्रत्येकाच्या वाट्याला बोलायला दोन मिनिटं येतात. प्रत्यक्षात शिक्षक बोलतात, हजेरी घेतात, फळा पुसतात. दोन मिनिटांची वीस-तीस सेकंदं होतात. अँटिग्वाच्या टेबलावर चार तासांतला निम्मा वेळ शिक्षिकेने घेतला असं धरलं तरी विद्यार्थ्याला रोज दोन तास मिळतात, पाच दिवसांत दहा. तेवढं बोलणं त्या पंचवीस जणांच्या वर्गात, तेही मूक शिक्षकाच्या हाताखाली, साधायचं तर तीनशे तास बसावं लागेल. शिवाय टेबलावर मागच्या बाकाची सोय नाही. विद्यार्थी गप्प झाला की शिक्षिका थांबते, आणि त्या शांततेतून सुटायचा मार्ग एकच, तोडकंमोडकं का होईना, वाक्य पुरं करणं.

‘हे सगळं रस्त्यावर फुकट मिळतं की’ असा आक्षेप यावर येतो. मिळतं, पण फार थोडं. बाजारात ‘हे केवढ्याला?’ हे वाक्य दिवसातून वीस वेळा वापरता येतं आणि आठवडाभराने बोलण्याचा पल्ला तिथेच राहतो. अँटिग्वासारख्या पर्यटकांच्या गावात विक्रेता गिऱ्हाइकाचं तोंड बघूनच इंग्रजीत आकडा सांगतो. फ्रेंच शिकणाऱ्या २८ अमेरिकी विद्यार्थ्यांची तुलना करणारा एक अभ्यास २००४ साली प्रसिद्ध झाला. काही विद्यार्थी अमेरिकेत नेहमीच्या वर्गात शिकत होते, काही फ्रान्समध्ये सत्र काढून आले होते आणि काही अमेरिकेतच, पण फक्त फ्रेंच बोलायचं या अटीच्या उन्हाळी वर्गात होते. बोलण्याच्या ओघात सगळ्यांत पुढे गेला तो हा शेवटचा गट. फ्रान्सला गेलेले वर्गाबाहेर फ्रेंचपेक्षा इंग्रजीच जास्त बोलत होते. देश बदलला की कानावर पडणारं बदलतं, तोंडातून निघणारं आपोआप बदलत नाही. रस्ता निरुपयोगी आहे असं नव्हे. इथला माणूस नकोशी बातमी द्यायच्या आधी ‘फीहेसे के’ म्हणतो. शब्दशः ‘बघा, की...’, पण अर्थाने थेट आपलं ‘अहो, त्याचं काय झालं...’. खोली तयार नाही, बस गेली, सुटे पैसे नाहीत, या सगळ्याची सुरुवात याच दोन शब्दांनी. हे कानावर रस्त्यात पडतं. पण दुसऱ्या दिवशी उशिरा आल्यावर शिक्षिकेसमोर ‘फीहेसे के’ म्हणून सबब नेटाने शेवटपर्यंत न्यायची आणि तिच्या उलट प्रश्नांना तोंड द्यायचं, हे टेबलावरच घडतं.

नुसतं कानावर पडण्याची मर्यादा या देशाला स्वतःच्या इतिहासातूनही ठाऊक आहे. २०१८च्या जनगणनेत जवळजवळ ४२ टक्के लोकांनी आपण माया असल्याचं नोंदवलं. देशात २२ माया भाषा आहेत आणि अँटिग्वाच्या आसपासच्या गावांत काक्चिकेल बोलली जाते. विसाव्या शतकात बराच काळ सरकारी शाळांचं धोरण ‘कास्तेयानिसासिओन’, म्हणजे माया मुलांना स्पॅनिशवर आणणं, हे होतं. स्पॅनिश न समजणारी मुलं स्पॅनिशच्या वर्गात बसत, बाई म्हणतील ते एका सुरात म्हणत, फळ्यावरचं उतरवून घेत. कितीतरी जणांना पहिलीत पुन्हा बसावं लागे, कितीतरी शाळा सोडत. या मुलांची दुरवस्था गरिबीशी आणि भेदभावाशीही जोडलेली होती, तेव्हा सगळं खापर शिकवण्याच्या पद्धतीवर फोडणं बरोबर नाही. पण त्याहून कितीतरी सुखवस्तू जागी, कॅनडातल्या फ्रेंच माध्यमाच्या शाळांत, मेरिल स्वेन यांना वेगळ्या रूपात हेच दिसलं. इंग्रजीभाषक मुलं वर्षानुवर्षं फ्रेंच ऐकत होती, समजण्यात फ्रेंच मुलांच्या तोडीला येत होती, पण बोलताना मागे पडत होती. १९८५ मध्ये त्यांनी मांडलं की ऐकून समजताना माणूस व्याकरणाला वळसा घालू शकतो, बोलताना तशी सवलत नसते.

जाणत्या शिक्षकांचा आक्षेप जास्त वजनदार आहे: चुकीचं बोलत राहिलं तर चूकच पक्की होते. हे खरं आहे आणि म्हणूनच नुसत्या गप्पा म्हणजे सराव नव्हे. प्रश्न चूक दुरुस्त करायची की नाही हा नसून कुणी करायची हा आहे. विद्यार्थी ‘यो गुस्तो’ म्हणाला आणि शिक्षिकेने मान डोलवत ‘हो, मे गुस्ता’ म्हटलं, की तो ‘सी, सी’ म्हणून पुढे जातो. आपल्याला दुरुस्त केलं हे त्याच्या गावीही नसतं. तिने ‘यो...?’ म्हणून भुवया उंचावल्या की त्याला स्वतःच शोधावं लागतं. रॉय लिस्टर आणि लीला रांटा यांनी १९९७ मध्ये कॅनडातल्या फ्रेंच वर्गांची नोंद करून हेच दाखवलं. शिक्षक निम्म्याहून अधिक वेळा पहिला मार्ग धरत होते आणि विद्यार्थ्यांवर सगळ्यांत कमी परिणाम त्याचाच होत होता. दुसरं साधन पुनरावृत्ती. न्यूझीलंडचे पॉल नेशन यांनी ज्याचा पुरस्कार केला त्या रीतीत एकच हकिगत तीन वेगवेगळ्या श्रोत्यांना सांगायची, पहिल्यांदा चार मिनिटांत, मग तीन, मग दोन. मजकूर तोच असल्याने विचार करायचं ओझं उतरतं आणि जीभ मोकळी होते. श्रोता नवा असल्यामुळे पोपटपंचीही होत नाही, कारण त्याला खरंच काही सांगायचं असतं.

इथे एक अप्रिय गोष्ट मान्य करायला हवी. एका विद्यार्थ्यामागे एक शिक्षिका ही चैन अँटिग्वाला परवडते, कारण येणाऱ्याच्या खिशात डॉलर असतात आणि इथली मजुरी कमी आहे. चार तास लक्ष देऊन दुसऱ्याची मोडकी भाषा ऐकणं हे थकवणारं कसबी काम आहे. त्या मानाने मोबदला बेताचाच. ही व्यवस्था जशीच्या तशी पुण्यातल्या वर्गात आणता येणार नाही. पण पंचवीस जणांच्या वर्गात बारा जोड्या होतात, उरलेला एक कुठल्याही जोडीत तिसरा बसतो, आणि एकाच्या हातात आगगाडीचं वेळापत्रक, दुसऱ्याच्या हातात भेटीच्या वेळा दिल्या की त्यांना एकमेकांना विचारल्याशिवाय गत्यंतर नसतं. गलका होतो, शेजारच्या वर्गातून तक्रार येते, मधूनच मराठी घुसते. तरी वीस सेकंदांची दहा मिनिटं होतात.

अँटिग्वात १९६९ मध्ये सुरू झालेली एक संस्था आहे, ग्वाटेमालाचे पहिले बिशप फ्रान्सिस्को मार्रोकिन यांच्या नावाची. ती परदेशी लोकांना स्पॅनिश शिकवते आणि माया भाषांच्या अभ्यासाचं कामही करते. माया भाषा शिकायचीही तिथे सोय आहे. जन्मभर स्पॅनिश बोललेला माणूस काक्चिकेल शिकायला बसला, तर घशाशी अडवून फटकन सोडायच्या ‘क’पाशी त्याचं घोडं अडतं. समोरची शिक्षिका तेव्हा काही बोलत नाही, वाट बघते.