प्रेमकथेवर राग का? (वाचणारी माणसं : भाग ७)

गेल्या आठवड्यात आपण गल्लीबोळातल्या भाड्याच्या लायब्रऱ्यांविषयी बोललो. तिथली सगळ्यात हाताळलेली, दोऱ्यानं शिवून पुन्हा उभी केलेली पुस्तकं प्रेमकथांची असत. वर्तमानपत्राचं कव्हर घालून ती घरी जात आणि कव्हरासकट परत येत. वाचली जातात तीच सगळ्यात जास्त आणि बोलणीही तीच खातात. असं का, ते आज पाहू.

एक प्रसंग सांगते. छत्रपती संभाजीनगरात मी बरीच वर्षं अकरावी-बारावीला मराठी शिकवते आहे. वर्गातल्या कितीतरी मुली फुलंब्री, खुलताबाद, बिडकीन या बाजूनं एसटीच्या पासवर येतात. पहाटे उठून घरच्या भाकरी थापायच्या आणि मग गाडी पकडायची. दोन वर्षांपूर्वी अशीच एक मुलगी शेवटच्या बाकावर पुस्तकाच्या आड मोबाइल धरून वाचताना सापडली. रोज एक भाग येणारी प्रेमकथा होती आणि ती शहात्तराव्या भागावर पोचली होती. मोबाइल जप्त झाला, आईला बोलावणं गेलं. माझे एक सहकारी तळमळीनं म्हणाले, "ताई, असलं वाचूनच पोरी बिघडतात. लक्ष ठेवा." आईनं पदर सावरत उलट त्यांनाच धीर दिला. "नका काळजी करू सर. बारावी झाली की उजवूनच टाकायचीये. स्थळं बघणं चालूच आहे."

मुलगी सोळा वर्षांची होती. मोबाइलमधल्या प्रेमानं सगळे दचकले होते. स्थळाच्या गोष्टीनं त्या खोलीत कुणीच दचकलं नाही. मीही त्या दिवशी गप्प बसले, याची मला आजही लाज वाटते.

हे दचकणं मराठी कादंबरीइतकंच जुनं आहे. लक्ष्मण मोरेश्वर हळबे यांची 'मुक्तामाला' १८६१ची. संकटांतून जाणारी नायिका, अद्भुत योगायोग, शेवटी मीलन अशी वाट तिनं घालून दिली. पाठोपाठ नारो सदाशिव रिसबुड यांची 'मंजुघोषा' आली. तिच्या प्रस्तावनेत रिसबुडांनी लेखकाची एक खरी अडचण मांडली आहे. आपल्या लोकांच्या लग्नाच्या रीती अशा आहेत, की रोजच्या जगण्यात रंगवून सांगावं असं काही घडत नाही. मनोरंजक लिहायचं तर अद्भुताकडे वळल्यावाचून गत्यंतर नाही, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय. मुलगी आठव्या-नवव्या वर्षी बोहल्यावर चढत असेल, तर ती प्रेमात पडणार कधी? म्हणून नायिका राजकन्या झाली आणि प्रेम राजवाड्यात, अरण्यात, परमुलखात घडू लागलं. का. बा. मराठे यांनी १८७२ साली 'नावल व नाटक ह्यांविषयी निबंध' लिहून या साऱ्या लेखनाची झाडाझडती घेतली. मराठी कादंबरीचं वय तेव्हा जेमतेम दहा-पंधरा वर्षांचं होतं.

प्रेमकथा राजवाड्यातून कॉलेजात आली ती ना. सी. फडक्यांच्या काळात. 'जादूगार' १९२८ची, 'दौलत' १९२९ची. त्याच १९२९ साली शारदा कायद्यानं मुलीच्या लग्नाचं किमान वय चौदा ठरवलं. शहरी सुशिक्षित घरांत त्याआधीच लग्नं लांबू लागली होती, मुली मॅट्रिक होऊन पुढे शिकू लागल्या होत्या. बालपण संपलं आहे आणि संसार सुरू झालेला नाही, अशी चार-पाच वर्षं मराठी मुलीच्या आयुष्यात पहिल्यांदाच आली. फडक्यांची कादंबरी नेमकी त्या वर्षांत जाऊन बसली. कॉलेज, टेनिस, सहली, पत्रं, गैरसमज, दिलजमाई. तरुण पिढी त्यावर लुब्ध झाली आणि टीकाकार संतापले. फडके म्हणत कलेसाठी कला, खांडेकर म्हणत जीवनासाठी कला. या वादावर महाराष्ट्रानं वर्षानुवर्षं शाई खर्च केली. पुढे आपल्याच शहरात, मराठवाडा विद्यापीठात काही वर्षं शिकवलेल्या भालचंद्र नेमाड्यांनी मराठी कादंबरीच्या परंपरेची फेरमांडणी केली. बाबा पदमनजींच्या 'यमुनापर्यटना'ची वास्तवाला भिडणारी वाट त्यांनी महत्त्वाची मानली आणि 'मुक्तामाले'पासूनची रंजनाची वाट दुय्यम ठरवली. साचा ठरलेला, माणसं गुळगुळीत आणि पोटाची चिंता कुणालाच नाही, हा रंजनपर कादंबरीवरचा आक्षेप मला मान्य आहे. साच्यातून निघालेलं पुस्तक मनावर फार काळ टिकत नाही.

पण रागाचं कारण एवढंच असतं, तर साच्यातल्या रहस्यकथाही मुलांच्या दप्तरातून जप्त झाल्या असत्या. बाबूराव अर्नाळकरांच्या कादंबऱ्या पोरांनी पिढ्यान्‌पिढ्या वाचल्या. फार तर 'अभ्यास कर' म्हणून धपाटा मिळायचा. त्यांच्या झुंजारच्या कथा वाचून मुलगा दरोडेखोर होईल, अशी भीती कुणी घातल्याचं मला आठवत नाही. प्रेमकथा वाचणाऱ्या मुलीविषयी मात्र ती भीती लगेच वाटते.

चंद्रकांत काकोडकरांचं प्रकरण यासाठी नीट समजून घ्यायला हवं. काकोडकर हे मराठी लोकप्रिय प्रेमकथेतलं मोठं नाव. लायब्ररीत त्यांच्या पुस्तकांसाठी रांग असे. 'रंभा' मासिकाच्या १९६२च्या दिवाळी अंकात त्यांची 'श्यामा' ही कथा आली. एक कवी आणि त्याच्या आयुष्यात आलेल्या स्त्रिया, असा तिचा विषय. कथा अश्लील आहे, अशी तक्रार पुण्यात झाली आणि भारतीय दंडविधानाच्या कलम २९२ खाली खटला उभा राहिला. खालच्या कोर्टानं लेखकाला निर्दोष सोडलं, उच्च न्यायालयानं दोषी धरलं आणि प्रकरण थेट सर्वोच्च न्यायालयात गेलं. वादाचा गाभा हाच होता, की ही कथा वाचून कोवळ्या वयाच्या वाचकाचं मन नासेल का? ऑगस्ट १९६९मध्ये न्यायमूर्तींनी निकाल दिला आणि काकोडकर सुटले. समाजाची मापं बदलत असतात, असं न्यायालयानं म्हटलं. प्रेम आणि शरीर यांचा नुसता उल्लेखही अश्लील मानायचा, तर धार्मिक ग्रंथ सोडून दुसरं काही विकताच येणार नाही, असाही निकालाचा आशय होता. गंमत म्हणजे त्याच वर्षी काकोडकरांच्या 'निलांबरी'वर आधारलेला राज खोसलांचा 'दो रास्ते' पडद्यावर आला. ज्या घरांत काकोडकरांची पुस्तकं उशीखाली दडवली जात, त्या घरांतली माणसं सहकुटुंब जाऊन राजेश खन्नाला पाहून आली.

म्हणजे पुस्तकातल्या मजकुराइतकीच भीती ते एकटीनं वाचण्याची आहे. सिनेमाला आई-बाप शेजारी असतात. पुस्तक मिटलं की मुलीच्या मनात काय चाललं आहे, हे घराला कळत नाही. जॅनिस रॅडवे या अमेरिकी अभ्यासक बाईंनी १९८४ साली प्रेमकथा वाचणाऱ्या गृहिणींवर एक पुस्तक प्रसिद्ध केलं. त्या बायकांनी त्यांना सांगितलं, की हातात पुस्तक असतं तेवढा वेळ आम्ही कुणाच्या आई नसतो, कुणाच्या बायको नसतो. तो वेळ फक्त आमचा. माझ्या आईची गोष्ट वेगळी नव्हती. दुपारी भांडी आवरून ती योगिनी जोगळेकर, कुसुम अभ्यंकर वाचत बसायची आणि घरातले पुरुष त्याला 'बायकी कादंबऱ्या' म्हणत. हे लेखन अभ्यासक्रमात आलेलं किंवा त्यावर चर्चासत्र झालेलं माझ्या पाहण्यात नाही. सुहास शिरवळकरांच्या वाट्यालाही हीच उपेक्षा आली. त्यांची 'दुनियादारी' १९८२ची. कॉलेजच्या पोरांनी ती अक्षरशः पाठ केली आणि समीक्षेनं तिच्याकडे पाठ फिरवली. शिरवळकर २००३ साली गेले. चित्रपट आला २०१३ साली, तेव्हा कुठे थोरामोठ्यांनी पुस्तकाची चौकशी केली.

याच विषयावर मिलिंद बोकिलांची 'शाळा' मात्र सर्वांनी डोक्यावर घेतली. तीही नववीतल्या मुलाच्या प्रेमाचीच गोष्ट आहे. पण मुकुंदाला शिरोडकर आवडते, त्याच्याभोवती वर्ग आहे, घर आहे, आणीबाणी आहे. वयाचा हट्ट आहे आणि त्या हट्टाची किंमतही आहे. याचा अर्थ कोवळ्या वयातलं प्रेम हा विषय हलका नाही. त्याच्याशी लेखक किती प्रामाणिक राहतो, त्यावर सगळं ठरतं.

आता त्या मुलीच्या मोबाइलकडे येते. त्या प्रसंगानंतरच्या आठवड्यात मी तिला स्टाफरूममध्ये बसवून शहात्तरावा भाग वाचायला मागितला. नायक बड्या कंपनीचा मालक. नायिका त्याच्याशी बोलायचं नाही म्हणून निघून जाते आहे. तो तिचा हात धरून गाडीत ओढतो, गाडी लॉक करतो आणि मी सोडेन तेव्हाच जायचं, असं बजावतो. ती रडते. पुढच्याच परिच्छेदात त्याच्या डोळ्यांतलं पाणी पाहून तिला कळतं, की हेच खरं प्रेम. मी विचारलं, "हे तुला चुकीचं नाही वाटलं?" मुलगी चकित होऊन म्हणाली, "पण मॅडम, त्याचं प्रेम आहे ना तिच्यावर, म्हणून तर."

माझ्या मते प्रेमकथेवरचा खरा आक्षेप तिच्या या उत्तरात आहे, आणि तो आपण जवळजवळ कधीच घेत नाही. २००५ साली सुरू झालेल्या 'ट्वायलाइट' या कादंबरी-मालिकेवर जगभर टीका झाली ती याच मुद्द्यावर. नायक रात्री चोरून नायिकेच्या खोलीत येऊन तिला झोपलेली पाहत बसतो. तिनं मित्राकडे जाऊ नये म्हणून तो तिची गाडी बंद पाडून ठेवतो. हे सगळं लेखिकेनं काळजी म्हणून लिहिलं आहे. पाळत ठेवणं म्हणजे काळजी, मागे लागणं म्हणजे निष्ठा आणि तिचं 'नाही' म्हणजे लाजणं, हे कोवळ्या मनावर पुन्हा पुन्हा कोरलं जातं. आपल्या सिनेमांनी तर ते पन्नास-साठ वर्षं कोरलं आहे. मुलाच्या मनावर ते कोरलं गेलं, की तो क्लासपासून बसस्टँडपर्यंत मुलीच्या मागे चालत राहतो. मुलीला ते ओझं वाटतं आणि थोडं सुखही वाटतं. यातला फरक तिला कुणी सांगितलेला नसतो.

यावर आमच्या शहरात सध्या दोन उपाय दिसतात. बागेत मुलगा-मुलगी बसलेली दिसली की पोलिसांचं दामिनी पथक त्यांना समज देतं आणि घरी मोबाइल काढून घेतला जातो. दामिनी पथकाचं छेडछाडीविरुद्धचं काम मोलाचं आहे. पण दोघं राजीखुशीनं बसली आहेत की एक जण दुसऱ्याला छळतो आहे, हे ओळखायला आपण मुलांना शिकवणार कधी? राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९-२१च्या फेरीत महाराष्ट्रातल्या २० ते २४ वयाच्या जवळपास २२ टक्के स्त्रियांची लग्नं अठराच्या आत झालेली आढळली. बीड, परभणी या आमच्या मराठवाड्यातल्या जिल्ह्यांत हे प्रमाण त्याहून कितीतरी जास्त आहे. 'पोरगी कुणाच्या तरी प्रेमात पडेल' ही धास्ती त्या लग्नांमागचं एक मोठं कारण असते, हे पालक स्वतःच मला सांगतात. आणि त्या लग्नात तरी मुलीच्या 'नाही'ला कोण विचारतं? तिच्या मोबाइलमधल्या नायकानं गाडी लॉक केली, तेव्हा तिला ते ओळखीचं वाटलं असणार.

म्हणून पालकांना आणि माझ्या शिक्षक बंधुभगिनींना हात जोडून एक विनंती. मुलीच्या दप्तरात किंवा मोबाइलमध्ये प्रेमकथा सापडली, तर ती जप्त करू नका. तिच्याकडून मागून घ्या, एका रात्रीत वाचून काढा आणि सकाळी चहा पिताना तिला एवढंच विचारा, की यात नायिकेनं होकार कोणत्या पानावर दिला? मुलगा वाचत असेल, तर त्यालाही हेच विचारा. पान सापडेपर्यंत दोघं मिळून शोधा.