मांसातील जंतू व स्वच्छता

बाजारातून आणलेले मटण लाल दिसले व त्यास वास आला नाही, म्हणजे ते निर्दोष, अशी अनेकांची समजूत असते. ती बरोबर नव्हे. रोगजंतू असूनही मांसाला दुर्गंधी येईलच असे नाही.

निरोगी जनावराच्या मांसात आतून सहसा जंतू नसतात. ते असतात कातड्यावर, पिसांत व आतड्यांत. सोलताना व कापताना सुरा, हात, लाकडी ओंडका यांच्या द्वारे ते मांसावर येतात. माश्या त्यांत भर घालतात. साल्मोनेला हा अशांपैकीच एक जंतू होय. खिम्यात तर वरचे जंतू आतपर्यंत मिसळतात.

उबदार हवेत काही जंतू २० मिनिटांत दुप्पट होतात. हे गणित शिक्षकांनी फळ्यावर करून दाखवावे. एका जंतूचे ७ तासांत २० लाखांहून अधिक जंतू होतात! सकाळी उघड्यावर टांगलेले मटण सायंकाळी का घेऊ नये, हे मुलांना आपोआप उमगेल.

कच्चे मांस धुतल्याने जंतू नाहीसे होत नाहीत; शिंतोड्यांबरोबर ते आसपासच्या भांड्यांवर उडतात. त्यांचा नाश करते ती उष्णता. म्हणून मांस आतपर्यंत पूर्ण शिजवावे, मांसाची सुरी न धुता कोशिंबिरीस वापरू नये, आणि हात साबणाने धुवावेत. जुलाबाने लहान बालके लवकर कोमेजतात, हे विसरू नये.

हा पाठ देताना कोणाच्याही आहारास अथवा धंद्यास नावे ठेवू नयेत. दोष अस्वच्छतेचा आहे, आणि ती दूर करता येते.