ख्रिस्ताचे ऐतिहासिकत्व : काही गैरसमज आणि वस्तुस्थिती

वर्धा नदीच्या काठच्या कौंडिण्यपुराहून आषाढीस रुक्मिणीची पालखी पंढरपुरास निघते, आणि अमरावतीच्या अंबादेवीच्या देवळातूनच श्रीकृष्णाने रुक्मिणीचे हरण केले ही कथा या शहरात लहानथोर सर्वांच्या तोंडी आहे. परंतु त्या हरणाची तिथी कोणती आणि त्यास पुरावा काय, असा प्रश्न पालखीबरोबर चालणाऱ्या वारकऱ्यास पडत नाही, व तो न पडल्याने त्याच्या भक्तीत काही उणेपण येत नाही. या संस्कारात वाढलेला वऱ्हाडातील सुशिक्षित गृहस्थ ख्रिस्ती धर्माचा विचार करू लागला म्हणजे तोच न्याय तेथेही सहजगत्या लावतो : येशू नावाचा कोणी पुरुष होऊन गेला असो वा नसो, उपदेश उत्तम आहे, तेवढे पुरे. या बोलण्यामागील सद्भावाविषयी मला आदर आहे. तथापि अकोल्यास अलायन्स मिशनचे ठाणे होते तेव्हापासून, आणि १९५५ साली अमरावतीचा कॅथलिक धर्मप्रांत स्थापन झाला त्याच्याही आधीपासून, जे आपले शेजारी आहेत त्यांची श्रद्धा नेमकी कशावर उभी आहे, हे अशा सद्भावाने झाकले जाते.

या मताचे सर्वांत वजनदार प्रतिपादन महात्मा गांधींनी केले. १९३१ च्या नाताळात, गोलमेज परिषदेहून परतताना, जहाजावर बोलताना त्यांनी सांगितले, त्याचा आशय असा की, ऐतिहासिक येशूविषयी आपणांस कधी आस्था वाटली नाही, आणि असा पुरुष झालाच नाही असे उद्या कोणी सिद्ध केले तरी डोंगरावरील प्रवचन आपल्यापुरते खरेच राहील. (गांधीजींचे व्याही अकोल्याचे मश्रूवाला, त्याच घराण्यातील किशोरलालभाईंनी राम, कृष्ण, बुद्ध व महावीर यांच्याबरोबर येशूचेही चरित्र गुजरातीत लिहिले, ही गोष्ट वऱ्हाडाने विसरू नये.) सत्यशोधकाने अशी भूमिका घ्यावी यास हरकत घेण्याचा अधिकार कोणास नाही. गैरसमज होतो तो, हीच ख्रिस्ती माणसाचीही भूमिका आहे किंवा असावयास हवी, असे आपण गृहीत धरतो तेव्हा.

ख्रिस्ती उपासनेत शतकानुशतके म्हटला जाणारा प्रेषितांचा मतांगीकार पाहावा. त्यात डोंगरावरील प्रवचनाचा उल्लेखच नाही. ‘शत्रूवर प्रीती करा’ हा उपदेश नाही, एकही दृष्टांत नाही. त्यात आहे ते जन्म, दुःखभोग, क्रूसावरील मरण, दफन आणि तिसऱ्या दिवशीचे पुनरुत्थान. आणि येशू व त्याची माता मरीया यांखेरीज एकाच मनुष्याचे नाव आहे, ते यहूदिया प्रांताच्या रोमन अंमलदाराचे, पंतय पिलाताचे. इ. स. २६ ते ३६ अशी त्याची कारकीर्द. खरेदीखतावर साल, मुक्काम आणि कोणाचा अंमल हे घालावे त्याप्रमाणे ख्रिस्ती मंडळीने आपल्या तारणाच्या गोष्टीवर या सुभेदाराचे नाव घातले. ही गोष्ट कोणत्याही युगात, कोठेही घडलेली म्हणून चालणार नाही, असे तिचे म्हणणे आहे. पौलाने इ. स. ५५ च्या सुमारास करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या पंधराव्या अध्यायात याहूनही निर्वाणीची भाषा आहे : ख्रिस्त उठविला गेला नसेल तर आमचा उपदेश व्यर्थ, तुमचा विश्वासही व्यर्थ, असे तो स्वतःच्याच अनुयायांस सांगतो. आपल्या श्रद्धेचा सारा डोलारा एका घडलेल्या गोष्टीवर ठेवून, ती खोटी ठरल्यास सर्वच खोटे, असे इतक्या उघडपणे मान्य करणारे धर्मग्रंथ फार थोडे असतील.

मग ‘बायबलबाहेर येशूचा मागमूस नाही’ हे जे ऐकू येते त्याचे काय? ते खरे नाही. रोमन इतिहासकार टॅसिटस याने दुसऱ्या शतकाच्या आरंभी, इ. स. ६४ च्या रोममधील आगीचा वृत्तान्त देताना, नीरोने ज्या ख्रिस्ती लोकांवर आळ घातला त्यांच्या नावाचा मूळपुरुष ख्रिस्त तिबेरियसच्या राज्यात पिलाताकडून देहदंड पावला असे लिहून ठेविले. आणि टॅसिटसला या पंथाविषयी तिरस्कारच होता, म्हणून त्याची साक्ष पक्षपाताची मानता येत नाही. यहुदी इतिहासकार जोसेफस याच्या ग्रंथात, सुमारे ९३ साली, याकोबाच्या वधाचा प्रसंग आहे व तेथे ज्याला ख्रिस्त म्हणतात त्या येशूचा भाऊ अशी याकोबाची ओळख दिलेली आहे. त्याच ग्रंथातील दुसरा, अधिक मोठा उतारा मात्र मागाहून ख्रिस्ती लेखकाच्या हातून फुगविला गेला, हे विद्वानांस मान्य आहे आणि ते लपविण्याचे कारण नाही. याच याकोबाला आपण यरुशलेमेत प्रत्यक्ष भेटलो, आणि पेत्राजवळ पंधरा दिवस राहिलो, असे पौल गलतीकरांस लिहितो. ज्याचा भाऊ साक्षीदारांस भेटतो, तो पुरुष निव्वळ कल्पित होता असे मानणे कठीण आहे; म्हणूनच ख्रिस्ती नसलेले विद्वानही येशूचे अस्तित्व, योहानाकडून त्याचा बाप्तिस्मा आणि क्रूसावरील मृत्यू या गोष्टी मोठ्या बहुमताने मानतात.

पिलाताचा तर कोरीव पुरावाही आहे. १९६१ साली कैसरिया येथे इटालियन उत्खननकारांस नाट्यगृहाच्या पायऱ्यांत पुन्हा बसविलेला चुनखडीचा एक चिरा सापडला. त्याची डावी बाजू फुटलेली. पिलाताच्या नावातील आरंभीची अक्षरे गेलेली, शेवटची शाबूत. आणि खाली त्याच्या हुद्द्याचे अवशेष. टॅसिटस त्यास ‘प्रोक्युरेटर’ म्हणतो, शिळा ‘प्रीफेक्ट’ म्हणते. इतिहासकार हुद्द्यात चुकला म्हणून पिलात नाहीसा होत नाही, हा बोध शुभवर्तमाने वाचतानाही उपयोगी पडतो.

कारण पुढचा आक्षेप तोच असतो : मत्तय, मार्क, लूक व योहान यांच्यात मेळ नाही, अर्थात सारे रचलेले. या आक्षेपाचे उत्तर शोधण्यास अमरावती जिल्ह्याबाहेर जावे लागत नाही. मोर्शी तालुक्यातील रिद्धपूर हे महानुभाव पंथातील गोविंदप्रभूंचे स्थान. पंथप्रवर्तक चक्रधरस्वामी निघून गेल्यावर म्हाइंभटांनी सुमारे १२७८ साली तेथेच लीळाचरित्र सिद्ध केले. स्वामींच्या सहवासात आलेल्या ज्याला जे ठाऊक त्याच्याकडे जाऊन त्यांनी एकेक लीळा मिळविली, आणि नागदेवाचार्यांकडून ती पारखून घेतली. पुढे मूळ पोथी धामधुमीत गेली, शिष्यांनी ती स्मरणातून पुन्हा उभी केली, त्यात हिराइसेच्या स्मरणाचा मोठा आधार होता. आणि एकाच लीळेविषयी अमुक असे सांगतो, तमुक तसे सांगतो, हे भेद पुसून न टाकता पोथीत जतन करण्यात आले. या भेदांमुळे चक्रधर झालेच नाहीत असे आपल्यापैकी कोणी म्हणत नाही. उलट साक्षीदार अनेक होते आणि संग्राहक प्रामाणिक होता असेच आपण समजतो. काळाच्या बाबतीत लीळाचरित्र आपल्या विषयाच्या अधिक निकट आहे हे कबूल केले पाहिजे. मार्काचे शुभवर्तमान क्रूसानंतर सुमारे चाळीस वर्षांनी लिहिले गेले असे मानतात. परंतु दोन्हीकडे प्रेरणा एकच दिसते. स्वामी बसले, निजले, जेवले त्या त्या जागी ओटे बांधून महानुभाव त्यांस वंदन करतात, स्थानपोथीत त्या जागांची नोंद ठेवतात, आणि लीळांचे स्मरण हीच उपासना मानतात. स्वामींचे असणे काढून घेतले तर या उपासनेत काय उरेल? ख्रिस्ती श्रद्धेची तुलना करावयाचीच तर अंबादेवीच्या देवळातील हरणकथेशी करण्यापेक्षा रिद्धपूरच्या या ओट्यांशी करावी, असे माझे स्पष्ट मत आहे.

येशू तारुण्यात हिंदुस्थानात आला, काश्मीरात वारला, किंवा मुळात तो हिंदूच होता, या कल्पनांवर थोडक्यात बोलणे पुरे. पहिली १८९४ मध्ये नोटोविच या रशियन प्रवाशाने लडाखमधील कथित हस्तलिखिताच्या नावावर पसरविली व मॅक्स म्युलरने तिचा फोलपणा लवकरच दाखविला. शेवटचीचा पुरस्कार बाबाराव सावरकरांच्या १९४६ साली प्रसिद्ध झालेल्या ‘ख्रिस्तपरिचय’ या मराठी पुस्तकात आहे. समकालीन पुरावा यांपैकी एकीलाही नाही.

उलट बाजूचा गैरसमज काही उत्साही ख्रिस्ती प्रचारकांत आढळतो, तो असा की इतिहासाने सर्व सिद्ध केले आहे. येशू क्रूसावर मेला एवढे इतिहास सांगू शकतो. तो मेला तो जगाच्या पापांसाठी, आणि तिसऱ्या दिवशी उठला, हे कोणत्याही दप्तरात सापडणार नाही. फार काय, जन्माचे सालही पक्के नाही : राजा हेरोद ख्रिस्तपूर्व ४ मध्ये वारला, तेव्हा मत्तयाच्या कथेप्रमाणे येशूचा जन्म त्याच्याही आधीचा, आणि सहाव्या शतकात डायोनिसियसने बसविलेली आपली इसवी सनाची गणना काही वर्षांनी चुकलेली. जर्मन धर्मपंडित बुल्टमान याने तर श्रद्धेस ‘तो होता’ एवढेच पुरे, ‘तो कसा होता’ याचा शोध नको, असे म्हटले होते. १९५३ साली त्याचाच शिष्य केसमान याने उत्तर दिले की, मंडळी ज्याची घोषणा करते तो आणि गालीलात हिंडलेला तो, यांची ओळख एकच राहिली नाही तर ख्रिस्त हे नुसते नाव होईल. यवतमाळास १९५३ साली निघालेल्या व १९८३ मध्ये पुण्यास गेलेल्या युनियन बिब्लिकल सेमिनरीसारख्या संस्थांतून असे वाद आपल्याकडेही शिकविले जात आले. मला केसमानचे म्हणणे पटते.

आणि मराठीत याचा दाखला नारायण वामन टिळक आहेत. नागपूर-राजनांदगावच्या आगगाडीत एका युरोपियन सहप्रवाशाने त्यांच्या हाती नवा करार दिला आणि त्यातील डोंगरावरील प्रवचनाने ते भारून गेले. म्हणजे गांधीजींनी जे पुरे मानले तेथूनच त्यांचीही वाट सुरू झाली. पण १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईस बाप्तिस्मा घेणारे टिळक त्या प्रवचनाशी थांबले नव्हते. आयुष्याच्या अखेरीस ज्या महाकाव्याला त्यांनी हात घातला ते ‘ख्रिस्तायन’ येशूचे चरित्र आहे, जन्मापासून सांगितलेले. १९१९ साली टिळक वारले तेव्हा ते अपुरे होते, व लक्ष्मीबाईंनी ते पुरे केले.