७२ हजार किलोमीटरवरून आलेला धडा

सोमवार, २० जुलै २०२०. राज्यातल्या सगळ्या शाळांप्रमाणे आंबेगाव तालुक्यातल्या निरगुडसरच्या शाळेलाही कोविडमुळे मार्चपासून कुलूप. त्या सकाळी सह्याद्री वाहिनीवर ‘टिलीमिली’ सुरू झाली. पहिली ते आठवीच्या मुलांसाठी, बालभारतीच्या पुस्तकांवर बेतलेली, एमकेसीएल नॉलेज फाउंडेशनने केलेली मालिका. मळ्यातल्या घरी टीव्ही लावला की वर्ग भरला!

पण तो धडा मुंबईहून मळ्यात आला कुठून, माहीत आहे? रस्त्याने गाडी काढलीत तर मुंबई ते निरगुडसर चार-पाच तासांचं काम. धडा त्या वाटेने आलाच नाही. तो सरळ वर गेला, विषुववृत्ताच्या माथ्यावर जवळजवळ ३६ हजार किलोमीटर उंचीवरच्या उपग्रहापर्यंत, आणि तिथून खाली छपरावरच्या छत्रीत उतरला. जाऊन-येऊन किमान ७२ हजार किलोमीटर. पृथ्वीला पावणेदोन प्रदक्षिणा होतील एवढा हा प्रवास, आणि वेळ किती? पाव सेकंद. तो उपग्रहही तिथे थांबलेला नसतो बरं का. ताशी अकरा हजार किलोमीटरने पळत असतो. पृथ्वी स्वतःभोवती फिरते त्याच लयीत पळतो, म्हणून आपल्याला तो जागेवर दिसतो आणि छत्री एकदा नीट वळवली की पुन्हा हात लावावा लागत नाही.

या भागाला आकाशातले निरोप नवे नाहीत. शेजारच्या जुन्नर तालुक्यात, नारायणगावजवळच्या आर्वीला १९७१ साली देशातलं पहिलं व्यापारी उपग्रह दळणवळण केंद्र सुरू झालं. विक्रम साराभाईंचं नाव दिलेलं. तिथली तबकडी सुमारे ३० मीटर रुंद होती. आज छपरावरची छत्री जेमतेम दोन फुटांची! मधल्या पन्नास वर्षांत उपग्रह जोरात बोलायला लागले आणि कमी लांबीच्या लहरींवर बोलायला लागले, त्यामुळे खाली कान लहान असला तरी चालतं.

त्याच तालुक्यात खोडदला याच्या अगदी उलटा खेळ चालतो. ‘जीएमआरटी’ या रेडिओ दुर्बिणीच्या तीस तबकड्या, प्रत्येक ४५ मीटरची, दूरच्या दीर्घिकांची कुजबुज ऐकत असतात. ही कुजबुज इतकी क्षीण, की चंद्रावर एखादा साधा मोबाईल चालू करून ठेवला तर तो आकाशातल्या सर्वांत ठळक रेडिओ स्रोतांत मोडेल. माणसाने केलेला रेडिओ-गोंगाट इथे कमी, म्हणून तर शास्त्रज्ञांनी ही जागा निवडली. आणि २०२० साली जुन्नर-आंबेगावातली पोरं नेमका तोच गोंगाट शोधत हिंडत होती. ‘रेंज’ म्हणतो ना आपण, तो! गच्चीवर एक काडी, टेकाडावर दोन. भोवती उंच ऊस, उसात बिबट्या, म्हणजे दिवेलागणीनंतर फोन घेऊन बांधावर जायचीही सोय नाही.

एक काडी असली की व्हिडिओ नुसता गोल गोल फिरतो, पण बाईंचा व्हॉइस मेसेज मात्र येऊन पडतो. असं का? एका मिनिटाचा आवाज सीडीच्या दर्जाने जसाच्या तसा साठवला तर पाच मेगाबाइटच्या वर जातो. व्हॉट्सअॅपवर तोच शे-सव्वाशे किलोबाइटमध्ये मावतो. कारण फोन आवाज पाठवतच नाही! तो एका सेकंदाचे पन्नासेक तुकडे करतो आणि प्रत्येक तुकड्यापुरतं मोजतो, की कंठ किती वेगाने थरथरतोय आणि तोंडाची पोकळी कोणत्या आकाराची झाली आहे. तेवढे आकडे, आणि अंदाज चुकला तिथे थोडी दुरुस्ती, एवढंच पलीकडे जातं. पुरणपोळीचं पार्सल न पाठवता कृती कळवावी, तसं. मग मळ्यातला फोन त्या कृतीवरून आवाज ताजा घडवतो. मुलाने ऐकलेलं ‘बाळांनो, वही काढा’ हे असं त्याच्याच हातातल्या फोनमध्ये तयार झालेलं असतं, आणि तरी हुंकारासकट, खोकल्यासकट ते बाईंचंच वाटतं!

टीव्ही आणि मोबाईल नसते तर? १९३७च्या सप्टेंबरात शिकागोत पोलिओची साथ आली. शाळा उघडेनात. तेव्हा तिसरी ते आठवीच्या सुमारे सव्वातीन लाख मुलांना रेडिओवरून पंधरा-पंधरा मिनिटांचे पाठ दिले गेले, आणि वेळापत्रक छापलं वर्तमानपत्रांनी.

अर्थात ज्या घरात टीव्ही नाही आणि एकच फोन आहे, तोही वडिलांच्या खिशात मंचरच्या बाजारात, तिथे उपग्रह काय करणार? ‘शाळा बंद, पण शिक्षण सुरू’ हे ब्रीद राज्यात ठिकठिकाणी पाळलं ते दुचाकीवरून वस्तीवर जाणाऱ्या शिक्षकांनी. कुणाच्या ओट्यावर, कुठे पारावर, चार-सहा मुलं लांब लांब बसवून वर्ग. नाइलाजाची शाळा वाटते ना? हवेचा हिशोब मांडला तर ती मोठी हुशारीची शाळा होती.

आपण सोडलेल्या श्वासात सुमारे चार टक्के कार्बन डायऑक्साइड असतो, म्हणजे दहा लाखांत चाळीस हजार भाग. बाहेरच्या हवेत तो जेमतेम चारशे-सव्वाचारशे. दारंखिडक्या लावलेल्या, भरलेल्या वर्गात आकडा सहज बाराशेवर जातो. वरचे आठशे आले कुठून? मुलांच्या फुप्फुसांतून. आठशेला चाळीस हजारांनी भागा: पन्नासावा हिस्सा. त्या वर्गात तुम्ही घेतलेल्या दर पन्नास श्वासांत एका श्वासाएवढी हवा आधीच कुणीतरी वापरलेली असते! पारावर हा हिस्सा जवळपास शून्यावर येतो. बर्लिनजवळच्या शार्लोटेनबुर्गमध्ये १९०४ साली नाजूक प्रकृतीच्या मुलांसाठी रानात शाळा काढली होती, तीही मोकळ्या हवेच्याच भरवशावर.

मग पुन्हा खोलीत यायची वेळ आली. १५ जुलै २०२१पासून कोविडमुक्त गावांत आठवी ते बारावीचे वर्ग भरवायला परवानगी मिळाली. गावात किमान महिनाभर रुग्ण नको, ग्रामपंचायतीचा ठराव हवा, सरपंचांच्या अध्यक्षतेखाली समिती हवी. एका बाकावर एक मूल, दोन बाकांत सहा फूट, वर्गात पंधरा ते वीस जण. हा वीसचा आकडा कुठून आला असेल? वीस बाय पंचवीस फुटांची खोली घ्या आणि सहा-सहा फुटांवर खुणा करा. एका बाजूला चार, दुसऱ्या बाजूला पाच. चार पंचे वीस!

उरलेली मुलं दुसऱ्या पाळीत किंवा दुसऱ्या दिवशी. चाळीसचा वर्ग अर्धा केला तर धोकाही निम्मा झाला असं वाटतं. जोड्या मोजून बघा. चाळीस मुलांत ७८० जोड्या होतात. विषाणूला पलीकडे जायला तेवढ्या वाटा. वीस मुलांत फक्त १९०. दोन्ही गट धरूनही ३८०. म्हणजे एकाही मुलाचं नाव न कापता चारशे वाटा बंद! लसीकरणही झालेलं नसताना, निव्वळ हजेरीपट दुमडून.

फक्त हा पट कसा दुमडायचा, यात खरी मेख आहे. सरळ हजेरी क्रमांकाने सम-विषम केलं की ताई सोमवारी शाळेत आणि धाकटा मंगळवारी, आणि रात्री दोघं एकाच ताटात. एवढं एक घर दोन्ही गट जोडून टाकायला पुरतं. म्हणजे वाटणी क्रमांकाने न करता घरांनी करायला हवी. शहरातल्या शाळेला त्यासाठी अर्ज भरून घ्यावे लागतील, संगणकावर नाती जुळवावी लागतील. निरगुडसरएवढ्या गावात कुणाचं पोर कुणाच्या ओसरीवर जेवतं, कोण कुणाच्या गाडीवरून शाळेत येतं, ही यादी गुरुजींना तोंडपाठ असते, चुलत-मावस भावंडं धरून.